पायाचा पट्टा: कोणाला, कसा आणि किती दिवस? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

चालण्याच्या अडचणींविषयी मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. नागपूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या बहुतेक पत्रांचे गाऱ्हाणे एकाच प्रकारचे आहे: पायाला पट्टा, स्प्लिंट किंवा कॅलिपर मिळाला आहे, पण तो घातला जात नाही, किंवा घालूनही चालणे सुधारत नाही. पट्टा आजाराच्या नावावरून ठरत नाही, तो त्या माणसाच्या चालण्यावरून ठरतो, हे मला सुरुवातीलाच सांगायचे आहे, आणि खालची सगळी उत्तरे याच दृष्टीने लिहिली आहेत. रुग्णाला प्रत्यक्ष न पाहता अमुकच पट्टा घ्या असे मी कोणालाही लिहिणार नाही. मात्र काय पाहावे, काय विचारावे आणि कुठे थांबू नये, एवढे या पानांवर निश्चित सांगता येईल.

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ६१) काही महिन्यांपूर्वी उजव्या बाजूचा अर्धांगवायू झाला. आता ते काठी घेऊन घरातल्या घरात चालतात, पण उजवा पाय बाहेरून गोल फिरवून टाकतात आणि उंबरठ्याला अंगठा अडकून पडता पडता वाचतात. दुकानातून प्लास्टिकचा तयार स्प्लिंट आणला, तर घोट्याला टोचतो म्हणून त्यांनी तो घालणेच सोडले. आई आणि मी मागे लागतो, ते चिडतात. सक्ती करावी का? पट्ट्याची सवय लागली की पाय कायमचा कमजोर होतो, असेही शेजारचे लोक सांगतात. ते खरे आहे का?
(एक वाचक, मानेवाडा, नागपूर)

उत्तर : सक्ती करू नका. टोचणारा पट्टा काढून ठेवणे हा हट्ट नव्हे, ती पट्ट्याच्या मापाविषयीची तक्रार आहे, आणि ती तशीच ऐकली पाहिजे.

आधी वडील तसे का चालतात ते पाहू. चालताना मागचा पाय हवेतून पुढे येतो, तेव्हा घोटा वर उचललेला राहिला तरच बोटे जमिनीला न लागता पुढे निघतात. निरोगी माणसातही हे अंतर जेमतेम एक-दोन सेंटिमीटरच असते. पाऊल उचलून धरण्याचे काम नडगीच्या पुढच्या बाजूचे स्नायू करतात. अर्धांगवायूत त्या स्नायूंपर्यंत मेंदूचा निरोप नीट पोचत नाही, उलट पोटरीचे स्नायू ताठ होत जातात, त्यामुळे पाऊल खाली लोंबते आणि बरेचदा आतल्या बाजूला वळते. त्यातच गुडघाही पुरेसा वाकत नाही. असा पाय चालण्यापुरता लांब झाल्यासारखाच असतो, म्हणून तो अडकू नये यासाठी माणूस कंबर उचलतो आणि पाय बाहेरून फिरवून पुढे आणतो. पडण्यापासून वाचण्यासाठी त्यांच्या शरीराने शोधलेला हा मार्ग आहे, आणि ‘सरळ चाला’ असे कितीही वेळा सांगितले तरी तो सुटणार नाही. पाऊल उचलून धरणारा आधार मिळाला, तर तो पुष्कळ अंशी सुटू शकतो.

पोटरीपासून तळपायापर्यंत जाणाऱ्या अशा आधाराला एएफओ म्हणतात. तो बाहेरून एकसारखा दिसला, तरी त्याचे प्रकार निरनिराळे आहेत. पाऊल नुसते लोंबत असेल आणि पोटरी ताठ नसेल, तर टाचेमागे अरुंद असलेला, स्प्रिंगसारखा लवचीक पट्टा पुरतो. पोटरी खूप ताठ असेल आणि पाऊल आत वळत असेल, तर घोट्याच्या दोन्ही बाजू झाकणारा कडक पट्टा लागतो, कारण लवचीक पट्टा त्या ताठपणापुढे टिकत नाही. या दोहोंच्या मधला प्रकार म्हणजे घोट्याजवळ बिजागरी असलेला पट्टा. तो पाऊल खाली लोंबू देत नाही, पण खुर्चीवरून उठताना आणि चढावर चालताना नडगीला पुढे झुकू देतो. दुकानात ‘डावा की उजवा, लहान की मोठा’ एवढेच विचारून जो पट्टा मिळतो, तो बहुधा पहिल्या प्रकारचा असतो. ताठ पायाला तो घातला की टाच त्यात बसत नाही, वर सरकते, आणि मग पट्ट्याची कड घोट्याच्या हाडावर घासू लागते. आपल्या वडिलांच्या बाबतीत असेच घडले असण्याचा बराच संभव आहे.

मापाचा पट्टा बनवताना ऑर्थोटिस्ट, म्हणजे असे आधार बनवणारा तज्ज्ञ, पायाला ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा घेतो आणि त्यात प्लास्टर ओतून पायाची प्रतिकृती तयार करतो. घोट्याची दोन्ही हाडे आणि करंगळीच्या बाजूचा उंचवटा अशा जागी तो या प्रतिकृतीवर थोडे प्लास्टर वाढवतो, म्हणजे तयार पट्टा तिथे दाबत नाही. त्यानंतर तापवून मऊ केलेला पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकचा पत्रा त्या प्रतिकृतीवर हवा खेचून घट्ट बसवतो. कौशल्य असते ते या प्लास्टर वाढवण्या-घटवण्यात. पट्टा हातात आल्यावर एक जागा आपणही तपासू शकता: गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडे खाली, एक हाडाचे टोक हाताला लागते, त्याला वळसा घालून जाणारी नस पाऊल उचलण्याचा निरोप नेते. पट्ट्याची वरची कड त्या टोकाच्या किमान दोन बोटे खाली असावी. ती कड नसेवर दाबत राहिली, तर ज्या अडचणीसाठी पट्टा घेतला तीच अडचण त्या पट्ट्यामुळे वाढू शकते.

नवा पट्टा पहिल्याच दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत घालायचा नसतो. सुरुवातीला दिवसातून दोनदा तासभर घालावा, काढल्यावर पायाची त्वचा उजेडात पाहावी, आणि एक-दोन आठवड्यांत वेळ वाढवत न्यावा. पट्टा काढल्यावर दिसणारी फिकट लाली थोड्या वेळात जाते. अर्ध्या तासानंतरही ती टिकून राहिली तर तिथे दाब जास्त आहे असे समजावे आणि पट्टा दुरुस्तीसाठी परत न्यावा. ही दुरुस्ती करून देणे हा पट्टा देण्याचाच भाग आहे, त्यासाठी संकोच करण्याचे काहीच कारण नाही. पट्ट्याखाली गुडघ्यापर्यंतचा सुती मोजा असावा, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तो दिवसातून दोनदा बदलावा, नाहीतर घामाने त्वचा मऊ पडून सोलवटते.

बहुतेक घरांत अडते ते पुढच्या गोष्टीवर. एएफओ बुटात किंवा मागे पट्टी असलेल्या सँडलमध्येच घालायचा असतो. आपण घरात चप्पल घालत नाही, आणि गुळगुळीत फरशीवर नुसत्या प्लास्टिकच्या तळव्याने चालणे म्हणजे घसरण्याला निमंत्रण आहे. म्हणून अनेक रुग्ण दवाखान्यात पट्टा घालून येतात आणि घरी तसेच अनवाणी हिंडतात. घरात वापरण्यासाठी वेलक्रोच्या पट्ट्यांचे, रबरी तळव्याचे बूट वेगळे ठेवावेत, त्यातल्या उजव्या बुटाचे माप एक नंबर मोठे घ्यावे आणि ते बूट बाहेर नेऊ नयेत. देवघराजवळ वडील बूट घालून जाणार नाहीत हे मला ठाऊक आहे. तेवढ्या जागेत त्यांना हात धरून न्यावे किंवा खुर्ची ठेवावी.

काठी डाव्या, म्हणजे चांगल्या हातात हवी, आणि तिची मूठ हात सैल सोडल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत यावी. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी लुळा पाय, हा क्रम घरातल्या सगळ्यांनी पाठ करावा.

पट्ट्याने पाय कमजोर होतो ही भीती मी जवळजवळ रोज ऐकतो. पाय कमजोर आहे तो मेंदूला झालेल्या इजेमुळे. पट्टा घालून माणूस जास्त चालू लागला, तर मांडीच्या आणि कमरेच्या स्नायूंना उलट अधिक काम मिळते. पट्टा काढून घोट्याचे व्यायाम आणि पोटरी ताणण्याचे व्यायाम रोज वेगळे करायचेच असतात, ते फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत. पाऊल उचलण्याची ताकद परत आली तर पट्टा हलका करता येतो किंवा बंदही करता येतो, पण तो निर्णय चालणे तपासून घ्यावा. पाऊल आत वळण्याचा जोर फार असेल तर नुसत्या पट्ट्याने त्याच्याशी झगडत बसू नये. ताठपणा कमी करण्याची औषधे आणि ठरावीक स्नायूंत देण्याची बोटुलिनम टॉक्सिनची इंजेक्शने उपलब्ध आहेत, त्याबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला अगदी लवकर झालेल्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम) असल्याचे निदान झाले आहे. तो धरून चालतो, पण दोन्ही पायांच्या चवड्यांवर. मागच्या वर्षी दोन्ही पायांना पट्टे मिळाले, आता ते घालताना तो रडतो. सासूबाई म्हणतात की तेलाने मालिश केले तर टाचा आपोआप टेकतील. काय करावे?
(एक आई, कामठी)

उत्तर : ताई, तो का रडतो ते आजच पाहता येईल. त्याला पाठीवर झोपवा, गुडघा सरळ ठेवा आणि टाच तळहातात धरून पाऊल हळूहळू, झटका न देता वर न्या. सावकाश नेल्यावर पाऊल नडगीशी काटकोनात येत असेल, तर पोटरी ताठ आहे पण अजून आखडलेली नाही. काटकोनापर्यंत येतच नसेल, तर स्नायू प्रत्यक्षात आखूड झाला आहे, आणि अशा पायावर काटकोनातला पट्टा आवळला की टाच वर सरकते, पाऊल मध्येच मोडल्यासारखे वाकते आणि मूल रडते. तेव्हा आधी स्नायू लांब करावा लागतो. त्यासाठी थोड्या थोड्या आठवड्यांनी बदलायची प्लास्टरे, काही मुलांत बोटुलिनम टॉक्सिनची इंजेक्शने आणि पुढच्या वयात गरज पडलीच तर शस्त्रक्रिया असे उपाय आहेत. पट्टा त्यानंतर येतो.

दुसरे कारण साधे असू शकते. या वयात वर्षभरात पाऊल वाढते आणि पट्टा लहान पडतो. बोटे पट्ट्याच्या पुढे आली असतील किंवा पोटरीवर कड रुतल्याची खूण दिसत असेल, तर पट्टा बदलण्याची वेळ आली आहे. वाढत्या मुलाचा पट्टा दर तीन महिन्यांनी दाखवावा. तो वर्षभरही पुरला नाही तरी नवल नाही.

सासूबाईंचा मालिशवरचा विश्वास मोडण्याची गरज नाही. मुलाला त्यांचा स्पर्श हवाच आहे, आणि मालिश झाल्यावर सैल पडलेल्या पायाला ताण देणे सोपे जाते. मात्र आखूड झालेला स्नायू मालिशने लांब होत नाही, हे त्यांना आपण समजावून सांगा. शक्य असल्यास त्यांनाच फिजिओथेरपीला सोबत न्या. घरातली जी व्यक्ती मुलासोबत सर्वात जास्त वेळ असते, तिला ताण देण्याची पद्धत कळणे सर्वात उपयोगाचे ठरते.

आणखी दोन गोष्टी आपण विचारल्या नाहीत, तरी सांगतो. मूल मोठे झाल्यावर चवड्यांवर चालण्याऐवजी गुडघे वाकवून, खुर्चीत बसल्यासारखे चालू लागले, तर बिजागरीचा पट्टा त्याला हानीकारक ठरू शकतो, कारण तो नडगीला पुढे पडू देतो. तिथे नडगीला पुढून रोखणारा कडक पट्टा लागतो. म्हणून ‘मागच्या वेळी होता तसाच द्या’ असे कधीही सांगू नका, चालणे पुन्हा तपासून घ्या. दुसरी गोष्ट खुब्यांची. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांत खुब्याचे हाड खोबणीतून हळूहळू, सुरुवातीला काहीही न दुखता सरकू शकते, आणि जी मुले कमी चालतात त्यांच्यात हा धोका जास्त असतो. डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने खुब्यांचा एक्स-रे काढणे टाळू नका.

हे उत्तर वाचणाऱ्या इतर पालकांसाठी एक सूचना. चवड्यांवर चालणारे प्रत्येक मूल सेरेब्रल पाल्सीचे नसते. आधी नीट चालणारा मुलगा चवड्यांवर चालू लागला, वारंवार पडू लागला, जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकू लागला आणि त्याच्या पोटऱ्या फुगीर दिसू लागल्या, तर पट्ट्याच्या दुकानात जाण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तो स्नायूंचा आजार असू शकतो आणि त्याच्या तपासण्या वेगळ्या आहेत.

प्रश्न : मला लहानपणी पोलिओ झाला. वय ५६. शाळेपासून डाव्या पायाला लोखंड आणि चामड्याचा कॅलिपर वापरतो. कापडाच्या दुकानात दिवसभर उभे राहण्याचे काम केले. गेल्या काही वर्षांत दुपारनंतर पाय ओढवत नाही, उजवा, म्हणजे चांगला पायही थकतो, खांदे दुखतात. पोलिओ परत आला आहे का? व्यायाम वाढवू का?
(एक वाचक, इतवारी, नागपूर)

उत्तर : पोलिओचा विषाणू परत आलेला नाही. भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. आपला त्रास त्या जुन्या आजाराचाच उशिरा दिसणारा परिणाम असावा. पोलिओत मज्जारज्जूतल्या काही चेतापेशी नष्ट होतात आणि उरलेल्या पेशी नव्या फांद्या काढून अनाथ झालेल्या स्नायूतंतूंचा भारही आपल्यावर घेतात. अनेक दशके जास्तीचे ओझे वाहिल्यावर या पेशी थकतात, फांद्या गळू लागतात, आणि ज्या पायाला आपण आयुष्यभर चांगला म्हणत आलात त्यातही नवी कमजोरी जाणवू लागते. याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. पण हे नाव चिकटवण्याआधी थायरॉइड, मधुमेह, रक्त कमी असणे आणि मणक्यात नस दबणे या गोष्टी तपासून घ्याव्यात, कारण त्यांवर उपचार आहेत.

व्यायाम वाढवू नका. आपल्या पिढीतल्या पोलिओग्रस्तांना ‘जोर लाव, जिद्द ठेव’ असेच शिकवले गेले आणि त्या जिद्दीवर आपण संसार उभे केलेत, हे मी आदराने लिहितो. पण या वयात थकलेल्या स्नायूकडून जबरदस्तीने काम घेतले तर त्याची उरलेली ताकदही जाते. ज्या हालचालीनंतर दुसऱ्या दिवशीही थकवा किंवा दुखणे उरते, ती जास्त झाली असे समजावे. दुकानात उंच स्टूल ठेवून बसून काम करावे, दुपारी थोडी झोप घ्यावी, लांबच्या अंतरासाठी बाजूला चाके लावलेली दुचाकी किंवा व्हीलचेअर वापरण्यात कमीपणा मानू नये. चालण्यासाठी शक्ती वाचवायची ती अशीच.

कॅलिपरकडे मात्र तातडीने लक्ष द्या. मांडीपासून तळपायापर्यंतच्या या आधाराला केएएफओ म्हणतात. आपला जुना कॅलिपर लोखंडी असेल तर त्याचे वजन उचलण्यातच पायाची बरीच शक्ती जात असणार. तेच काम हलक्या ॲल्युमिनियमच्या दांड्या आणि मांडीच्या-पोटरीच्या मापाचे प्लास्टिकचे कवच यांतून करता येते. गुडघा सरळ अडवून धरणाऱ्या कुलपातही पर्याय आहेत: उभे राहिल्यावर खाली सरकून बसणारी कडी सर्वात भरवशाची असते, पायावर भार असताना गुडघा रोखणारी आणि पाय हवेत असताना मोकळी सोडणारी रचनाही मिळते, पण ती महाग असते आणि खुब्यात बऱ्यापैकी ताकद लागते. आपण आयुष्यभर कुलूप लावलेल्या गुडघ्याने चाललात, त्यामुळे शरीराने आपला तोल त्याच्याशी जुळवून घेतला आहे. नवे काही घेण्याआधी काही दिवस वापरून पाहण्याची सोय असेल तरच घ्यावे. जुना कॅलिपर नवा हाती येऊन अंगवळणी पडेपर्यंत टाकून देऊ नका. खांद्यांचे दुखणे बहुधा काठीवर किंवा कुबडीवर पडणाऱ्या जास्तीच्या भारामुळे आहे, आणि पायाचा आधार सुधारला की ते पुष्कळदा कमी होते.

मला एक काळजी वाटते, ती इथे लिहून ठेवतो. नवे पोलिओरुग्ण जवळजवळ नाहीत ही फार मोठी गोष्ट आहे, पण त्यामुळे चामडे आणि धातूचा कॅलिपर हाताने बांधणारे कारागीर कमी होत आहेत, आणि ज्यांना तो अजून वीस-तीस वर्षे लागणार आहे ती माणसे आपल्यातच आहेत. चांगला कारागीर माहीत असेल, तर त्याच्याकडून पट्टे, रिवेट आणि कुलपे दर वर्षी तपासून घ्या.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. आमच्या गावातल्या एका तिशीतल्या शेतमजुराचे पाऊल दोन महिन्यांपासून लोंबते. दुखत नाही. तो चप्पल पायातून निसटते एवढेच सांगतो. त्याला कोणता पट्टा सांगू?
(कुही तालुका)

उत्तर : पट्टा सांगण्याआधी त्याची कातडी पाहा. फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा अंगावर कुठेही असेल, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस जाड लागत असेल, पावलाच्या वरच्या भागाला किंवा तळव्याला स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी त्याच आठवड्यात झाली पाहिजे. विदर्भात काम करणाऱ्यांनी न दुखता लोंबलेले पाऊल पाहिले की हा विचार सर्वात आधी करावा, असे माझे ठाम मत आहे. बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहे, आणि नसेची कमजोरी सहा महिन्यांच्या आतली असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टेरॉइड देऊन ती परत येण्याची चांगली शक्यता असते. आपल्या रुग्णाला दोनच महिने झाले आहेत, म्हणून प्रत्येक आठवडा मोलाचा आहे. चट्टा नसेल तर मधुमेह, कमरेतली नस दबणे, शेतात तासन्‌तास उकिडवे बसल्याने गुडघ्याजवळ नस दबणे ही कारणे पाहावी लागतात.

बधिर पायाला कडक प्लास्टिकचा पट्टा देताना फार सावध राहावे लागते, कारण टोचले तरी त्याला कळणार नाही आणि जखम आधी आपल्याला दिसेल. अशा वेळी मऊ तळव्याच्या, मागे पट्टी असलेल्या सँडलला जोडलेला आणि पावलाचा पुढचा भाग वर ओढून धरणारा स्प्रिंगचा किंवा इलॅस्टिकचा साधा पट्टा सुरुवातीला बरा पडतो. सँडलच्या आत एमसीआर म्हणतात त्या मऊ रबराचा थर असावा आणि तळव्यात खिळे नसावेत. रोज संध्याकाळी दोन्ही तळवे पाहणे, पाण्यात भिजवून तेल लावणे हे त्याला आणि त्याच्या बायकोला शिकवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा डांबरी रस्त्यावर अनवाणी टाकलेल्या बधिर पायाला फोड येतात आणि तेही त्याला कळत नाहीत. उपचार पूर्ण होऊनही पाऊल उचलता आले नाही, तर आतल्या बाजूचा स्नायूबंध पुढे आणून जोडण्याची शस्त्रक्रिया करता येते. त्यानंतर बऱ्याच जणांना पट्टा लागतच नाही.

प्रश्न : मला सिकलसेल आहे. वय २३. गेल्या सहा महिन्यांपासून डाव्या जांघेत दुखते आणि मी लंगडतो. एक्स-रे नॉर्मल आहे. कमरेपासून पायापर्यंतचा पट्टा लावला तर बरे होईल का?
(एक विद्यार्थी, नंदनवन, नागपूर)

उत्तर : पट्ट्याने बरे होणार नाही, आणि पट्टा शोधण्यात वेळ घालवू नये. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात खुब्याच्या गोल हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते हाड हळूहळू मरू शकते, आणि सुरुवातीच्या काळात एक्स-रे स्वच्छ दिसतो. एमआरआयमध्ये मात्र ते दिसते. हाड खचण्याआधी निदान झाले तर त्याच्यावरचा दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया करता येते. खचल्यानंतर बहुधा सांधा बदलण्याचाच प्रश्न उरतो. तेव्हा ‘एक्स-रे नॉर्मल’ या शब्दांवर समाधान मानू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना आपला सिकलसेलचा अहवाल दाखवून एमआरआयबद्दल विचारा.

निदान होईपर्यंत उजव्या हातात काठी धरा. दुखणाऱ्या बाजूलाच काठी हवी असे सगळ्यांना वाटते, पण एका पायावर उभे राहताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट दाब येतो, आणि काठी विरुद्ध हातात असली तरच कमरेच्या स्नायूंचे काम कमी होऊन तो दाब उतरतो. धावणे, उड्या आणि जड वजन उचलणे बंद ठेवा.

प्रश्न : तीन वर्षांच्या मुलीचे तळवे सपाट आहेत. बुटात कमानीचे पॅड घालावे का?
(एक वाचक, काटोल)

उत्तर : नको. या वयात तळव्याखाली चरबीचा थर असतो आणि कमान हळूहळू दिसू लागते. मुलगी चवड्यांवर उभी राहिल्यावर कमान उमटत असेल आणि पाय दुखत नसतील, तर पॅडने कमान तयार होत नाही आणि त्याची गरजही नसते. घरात अनवाणी खेळू द्या. पाऊल ताठ असेल, दुखत असेल किंवा एकाच पायाची कमान सपाट असेल, तर मात्र दाखवा.

प्रश्न : मापाचा पट्टा नागपुरात कुठे मिळतो आणि सरकारी मदत मिळते का? शिबिरात मिळालेला पट्टा चालतो का?
(अनेक वाचक)

उत्तर : पट्टा कोणाच्या हातून बनवून घेता हे सर्वात महत्त्वाचे. हे काम करणाऱ्याला प्रोस्थेटिस्ट-ऑर्थोटिस्ट म्हणतात, त्याची स्वतंत्र पदवी आहे आणि त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. ती नोंदणी विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. तपासणीसाठी आपल्या ‘मेडिकल’मध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाता येते, आणि मिहानमधल्या एम्समध्ये पुनर्वसन वैद्यकाचा वेगळा विभाग आहे. दिव्यांगांसाठी केंद्र सरकारचे संयुक्त प्रादेशिक केंद्रही नागपुरात आहे.

मदतीसाठी केंद्राची एडिप योजना आहे, तिच्यातून दिव्यांगांना साधने मिळतात. तिच्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. प्रमाणपत्रासाठी यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या पोर्टलवर अर्ज करून ठरलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यांत सेरेब्रल पाल्सी, कुष्ठरोगमुक्त व्यक्ती, स्नायूंचे आजार आणि सिकलसेल यांचाही समावेश आहे, हे वरच्या पत्रलेखकांनी लक्षात घ्यावे. त्याच कारणासाठी पुन्हा मदत घेताना सर्वसाधारणपणे तीन वर्षांचे अंतर लागते, पण बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ही अट एका वर्षाची आहे. कामठीच्या ताईंनी ही सवलत जरूर मागावी.

शिबिरांविषयी माझे मत स्पष्ट आहे. जिथे माप एका दिवशी घेऊन पट्टा काही आठवड्यांनी दिला जातो, तिथे माप चुकण्याची शक्यता कमी असते. जिथे ढिगातून पट्टे वाटले जातात, तिथे तो आपल्याला बसेलच असे नाही. दोन्ही ठिकाणी एक प्रश्न तिथेच उभे राहून विचारा: हा पट्टा टोचला किंवा तुटला तर तो कोण आणि कुठे दुरुस्त करून देईल? याचे उत्तर पत्त्यासह लिहून घ्या.

तपासणीला जाताना जुना पट्टा, रोजचे बूट-चप्पल आणि घरात चालतानाचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ सोबत न्या, एक समोरून आणि एक बाजूने, पँट किंवा साडी गुडघ्याच्या वर घेऊन. दवाखान्याच्या खोलीत माणूस सावध होऊन चालतो; घरातल्या चालीवरून पट्टा जास्त नेमका ठरवता येतो.